गावासाठी ‘विषाणूमुक्त पाण्याचे’ यंत्र घेण्यापूर्वी: विदर्भातील जिल्हा परिषदा आणि पाणी समित्यांना खुले पत्र

प्रति,
कार्यकारी अभियंता, ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, विदर्भातील सर्व जिल्हा परिषदा,
तसेच सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, जलसुरक्षक आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांचे सदस्य

विषय: नळयोजनेवर विषाणू अडवणारी मेम्ब्रेन यंत्रणा बसवताना करारात लिहून घ्यायच्या बाबी

सस्नेह नमस्कार.

‘विषाणूमुक्त पाणी’ देणाऱ्या यंत्रांची माहितीपत्रके ग्रामपंचायतींच्या टेबलांवर येऊन पडत आहेत. कुणाचा पडदा (मेम्ब्रेन, म्हणजे अतिबारीक छिद्रांची गाळणी) नॅनो असतो, कुणाचा ग्राफीनचा, कुणी चांदीचा मुलामा दिल्याचे सांगतो. वित्त आयोगाच्या निधीतला काही हिस्सा पिण्याच्या पाण्यासाठीच राखलेला असतो, त्यातून असे यंत्र घेता येते. चांगले असेल तर जरूर घ्यावे. पडद्याने विषाणू अडतात हे पक्के विज्ञान आहे आणि आम्ही त्याच क्षेत्रातले आहोत. आमची विनंती एवढीच आहे की तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय खरेदीचा आदेश काढू नका: पडदा विषाणू किती पटीने कमी करतो याचा मोजलेला आकडा, पडद्याला भोक पडले नाही ना याची रोजची चाचणी, आणि गाळलेल्या पाण्यात क्लोरीन मिसळण्याची सोय. यातली एकही गोष्ट सुटली तर बाकीच्या दोन्ही वाया जातात.

आधी आकार पाहू. जुलाबाचे ई. कोलाय जंतू (बॅक्टेरिया) साधारण १ ते २ मायक्रॉन लांब असतात. कावीळ करणारे हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू ३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ०.०३ मायक्रॉन. रोटाव्हायरस त्याहून मोठा, ७० नॅनोमीटरच्या पुढे. घरातली सिरॅमिक कँडल किंवा ०.१ मायक्रॉनचा मायक्रोफिल्टर जंतू अडवतो, पण काविळीचा विषाणू त्यातून सहज निघून जातो. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या, म्हणजे यूएफच्या पडद्याची छिद्रे ढोबळमानाने १० ते १०० नॅनोमीटर असतात. म्हणजे ‘यूएफ’ एवढेच लिहिलेले यंत्र विषाणू अडवेल किंवा अडवणारही नाही. ७० नॅनोमीटरचा यूएफ आणि १५ नॅनोमीटरचा यूएफ हे विषाणूच्या हिशेबाने दोन निराळे माल आहेत. माहितीपत्रकातला आकडा बहुधा सरासरी छिद्राचा असतो आणि विषाणू जातात ते सर्वात मोठ्या छिद्रांतून. म्हणून छिद्राचा आकार विचारू नका, ‘लॉग’ विचारा. १ लॉग म्हणजे दहातला एक उरला, ४ लॉग म्हणजे दहा हजारांतला एक उरला. विषाणूंसाठी किमान ४ लॉग मागा. घरगुती यंत्रांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्यांकनात सर्वात वरच्या, तीन तारे मिळवणाऱ्या यंत्राकडून ५ लॉगची अपेक्षा असते, हेही समोर ठेवा.

‘पण आमचे पाणी प्रयोगशाळेत पास आहे’ असे उत्तर अनेक गावांतून येईल. गावात जंतू तपासायची एच२एसची बाटली काळी झाली नाही किंवा कोलिफॉर्म जंतू शून्य आले, यावरून जंतूंबद्दल कळते, विषाणूंबद्दल नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत वझिराबादच्या उपसा केंद्रात नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे शिरले. पाण्याला तुरटी आणि क्लोरीन दिले जात होते. विषमज्वरासारख्या जंतुजन्य रोगांची साथ आली नाही, कावीळ मात्र सुमारे २९ हजार लोकांना झाली. पुढे जपून ठेवलेले रक्तनमुने तपासल्यावर ती हेपॅटायटिस ईची साथ ठरली. हा विषाणू गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत झाला तर त्यांच्यातल्या २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात. आम्ही एवढ्या कळकळीने लिहितो आहोत ते या एका आकड्यामुळे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, विषाणूंबद्दल दोन कलमे आहेत आणि निविदांमध्ये ती सहसा दिसत नाहीत. एक: विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तिथे मुक्त क्लोरीन ०.२ नव्हे, किमान ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. दोन: १ लिटर पाण्यात एमएस-२ फाज नसावा. एमएस-२ हा जंतूंना लागणारा, माणसाला निरुपद्रवी विषाणू आहे. आकाराने सुमारे २७ नॅनोमीटर, म्हणजे काविळीच्या विषाणूच्या जवळचा. म्हणूनच पडद्याची परीक्षा त्याच्यावर घेतात. पुरवठादाराकडून अहवाल घ्याल तेव्हा तीन बाबी तपासा. चाचणी पूर्ण आकाराच्या मॉड्यूलवर, म्हणजे पडदा बसवलेल्या अख्ख्या नळकांड्यावर झाली होती की तळहाताएवढ्या तुकड्यावर? पडदा नवा आणि स्वच्छ होता का? वापरून मळलेला पडदा मळाच्या थरामुळे जास्त विषाणू अडवतो, धुतल्यावर तो आकडा खाली येतो. आणि पाण्याचा प्रवाह यंत्राच्या कमाल क्षमतेइतका होता का?

आता नव्या साहित्याबद्दल. बहुतेक यूएफ पडदे पॉलिइथरसल्फोन किंवा पीव्हीडीएफ या प्लास्टिकचे असतात. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या पडद्यांवर चांगले काम केले आहे. यांपुढची एक वाट धनभारित पडद्यांची आहे. साध्या पाण्यात बहुतेक विषाणूंवर ऋणभार असतो, त्यामुळे अ‍ॅल्युमिनाच्या नॅनोतंतूंचा धनभारित फिल्टर त्यांना छिद्र मोठे असूनही चिकटवून धरतो. प्रवाह भरपूर, दाब कमी, कल्पना सुंदर. पण चिकटण्याच्या जागा मोजक्याच असतात. सेंद्रिय गाळ आणि क्षार त्या जागा आधी बळकावतात, आणि जागा भरल्या की फिल्टर गुपचूप विषाणू सोडू लागतो. दाब वाढत नाही, पाणी गढूळ होत नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून गावाच्या योजनेसाठी आम्ही तो एकटा सुचवणार नाही. चांदीच्या मुलाम्याचा उपयोग पडद्यावर जंतूंची वाढ रोखायला होतो, विषाणू मारण्याच्या कामात चांदी कच्ची आहे. ग्राफीन ऑक्साइड पाण्यात फुगते आणि त्याच्या थरांतले अंतर बदलते, त्याचे मोठे पडदे सारख्या दर्जाचे बनवणे अजून अवघड आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात क्लॅडोफोरा शेवाळाच्या सेल्युलोजपासून विषाणू अडवणारा कागद बनवला आहे आणि त्याकडून आम्हाला खरी आशा आहे. पण प्रयोगशाळेतला कागद आणि श्रावणातल्या पैनगंगेचे पाणी यांच्यामध्ये बराच टप्पा आहे. असे नवे साहित्य कुणी देऊ केले तर ते नागपूरच्या नीरीसारख्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्थेच्या देखरेखीखाली, चालू योजनेच्या बाजूला, लहान प्रमाणात तपासा. गावाचे रोजचे पाणी प्रयोगावर टांगू नका. आज विकत घ्यायचा तर साधा, जुना, पोकळ तंतूंचा (पडदा बारीक नळ्यांच्या रूपात असलेला), सिद्ध लॉगचा यूएफ घ्या.

किती मोठा घ्यायचा, याचा हिशेब २,००० वस्तीच्या गावासाठी करू. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १,१०,००० लिटर लागतात. सगळे गाळणे शक्य असेल तर उत्तमच. नसेल तर पिण्या-स्वयंपाकाचे माणशी १० लिटर धरा, म्हणजे २०,००० लिटर. वीज बेभरवशाची म्हणून यंत्र दिवसाला ५ तासच चालेल असे धरले तर तासाला ४,००० लिटर हवेत. पडद्याच्या दर चौरस मीटरमधून तासाला ५० लिटर, यापेक्षा जास्त ओढू नका. ८० चौरस मीटर झाले. दर अर्ध्या तासाला एक मिनिट उलटी धुलाई, म्हणजे बॅकवॉश, त्यात पाणी आणि वेळ मिळून १५ टक्के जातात, म्हणून ९४. म्हणजे ५० चौरस मीटरची दोन मॉड्यूल. एकच १०० चौरस मीटरचे घेऊ नका, कारण एकाची चाचणी किंवा दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यावर गावाला अर्धे तरी पाणी मिळते. कमी मॉड्यूलमधून जास्त पाणी काढून दाखवणाऱ्याचा दर स्वस्त दिसेल, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचा पडदा तुंबेल.

उंच जलकुंभ असेल तर आणखी एक गोष्ट साधते. १० मीटर उंचीच्या पाण्याने जवळपास १ बार दाब मिळतो आणि यूएफला ०.३ ते ०.८ बार पुरतो. टाकीखाली यंत्र बसवले तर लोडशेडिंगमध्येही पाणी गाळले जाते, वीज फक्त बॅकवॉशच्या पंपाला लागते. पंपाने चालणाऱ्या यंत्रात वीज अचानक जाते-येते तेव्हा पाण्याचा धक्का बसून तंतू मुळाशी तुटतात. जिथे पंप आहे तिथे सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू सुरू करणारा), हळू उघडणारी झडप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अंदाजपत्रकात आलेच पाहिजेत.

तंतू तुटण्याने काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. आतून बाहेर गाळणाऱ्या, ०.८ मिलिमीटर पोकळीच्या, दीड मीटर लांब तंतूंच्या ५० चौरस मीटर मॉड्यूलमध्ये सुमारे १३,००० तंतू असतात. त्यातला एक मधोमध तुटला तर अर्ध्या बारच्या दाबाखाली त्याच्या दोन तोंडांतून मिळून तासाला सुमारे ६ लिटर कच्चे पाणी थेट चांगल्या पाण्यात जाते. मॉड्यूलचे उत्पादन तासाला २,५०० लिटर. म्हणजे ०.२४ टक्के पाणी न गाळता गेले. ४ लॉगमध्ये मुभा ०.०१ टक्क्याची आहे. तेरा हजारांतला एक तंतू गेला आणि यंत्र ४ लॉगवरून २.६ लॉगवर आले. गढूळपणा मोजणाऱ्या मीटरवर हे कळेलच असे नाही.

यासाठी हवेची चाचणी. यंत्र थांबवा, कच्च्या पाण्याच्या बाजूचे पाणी काढून टाका, गाळलेल्या पाण्याची बाजू वातावरणाला उघडी ठेवा. तेलविरहित कॉम्प्रेसरने १ बारपर्यंत, किंवा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत, हवा भरा आणि झडप बंद करा. दोन मिनिटे स्थिर होऊ द्या, पुढच्या पाच मिनिटांत दाब किती उतरला ते लिहा. किती उतार चालेल हा आकडा पुरवठादाराने त्या मॉड्यूलसाठी लेखी दिलाच पाहिजे. ओल्या धडधाकट छिद्रांतून या दाबाला हवा जात नाही, तुटक्या तंतूतून जाते. आदल्या दिवसापेक्षा उतार दुप्पट झाला तर ते मॉड्यूल बंद करा, टोपण काढा, टोकावर पाण्याचा पातळ थर ठेवा. बुडबुडे येतात तो तंतू दोन्ही टोकांना पिनने बुजवा आणि बुजवलेल्या तंतूंची संख्या नोंदवहीत चढवा. शे-दोनशे बुजले तरी उत्पादनात फरक जाणवत नाही. हे काम गावातल्या मोटार मेकॅनिकला किंवा प्लंबिंग जाणणाऱ्या मुलीला एका दिवसात शिकवता येते. पिना, टोपणाच्या रबरी रिंगा आणि ०.०१ बारपर्यंत वाचणारा डिजिटल गेज यंत्रासोबतच मागून घ्या.

या चाचणीची मर्यादाही समितीला ठाऊक हवी. १ बारला ती साधारण ३ मायक्रॉन आणि त्याहून मोठी भोकेच पकडते. ३० नॅनोमीटरचे भोक हवेने पकडायला जवळपास ९६ बार लागतील, तेवढ्याने पडदाच फाटेल. म्हणजे रोजची चाचणी पास असूनही छिद्रे रासायनिक झिजेने सैल झालेली असू शकतात. म्हणून वर्षातून एकदा एमएस-२ची चाचणी, आणि म्हणूनच मागे क्लोरीन.

विदर्भात पडदा बिघडतो तो मुख्यतः चार कारणांनी. पहिले, काळ्या मातीचा गाळ. पावसाळ्यात नदी-नाल्याच्या पाण्यातली बारीक चिकणमाती दिवसभर तशीच तरंगत राहते आणि थेट पडद्यावर आली तर तासाभरात दाब चढतो. यंत्राला येणारे पाणी १० एनटीयूच्या (गढूळपणाचे एकक) आत आणा आणि पुढे १०० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर लावा. त्यासाठी तुरटी, पण अंदाजाने नव्हे. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा, त्याचे १ मिलिलिटर १ लिटर नमुन्यात टाकले की १० मिलिग्रॅमची मात्रा होते. सहा बरण्यांत १० ते ६० पर्यंत मात्रा द्या, एक मिनिट जोरात, वीस मिनिटे हळू ढवळा, अर्धा तास निवळू द्या. सर्वात कमी मात्रेत जी बरणी निवळली, ती त्या दिवसाची मात्रा. पूर आला की पुन्हा करा. तुरटीच्या गुठळ्यांत विषाणूही अडकतात, हा जास्तीचा फायदा. गाळ बसवायचे पॉलिमर मात्र यूएफच्या आधी वापरू नका, ते पडद्याला कायमचे चिकटते.

दुसरे, जड पाणी आणि लोह. बोअरच्या पाण्यातले लोह तांबूस थर देते, तो १ ते २ टक्के सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो. शेवाळ आणि सेंद्रिय मळ क्लोरीनच्या १०० ते २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या द्रावणात पंधरा-वीस मिनिटे भिजवून निघतो. हे द्रावण सोडियम हायपोक्लोराइटचे हवे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने पडदा कधीही धुऊ नका, तिच्यातल्या चुन्याने छिद्रे बुजतात. आणि आम्ल व हायपो एकापाठोपाठ वापरताना मध्ये स्वच्छ पाण्याने पीएच ७ येईपर्यंत खळखळून धुवा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. हा इशारा मोठ्या अक्षरांत यंत्राच्या भिंतीवर रंगवून घ्या.

तिसरे, ऊन. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात यंत्र ठेवले तर पीव्हीसीचे कवच मऊ पडते आणि बंद यंत्रातला पडदा वाळतो. एकदा वाळलेल्या पडद्याची छिद्रे मिटतात, ती साध्या भिजवण्याने उघडत नाहीत. विहीर आटल्याने किंवा बिल थकल्याने यंत्र तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर १०० लिटर पाण्यात १ किलो सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून मॉड्यूल भरून ठेवा, आणि पुन्हा सुरू करताना वास जाईपर्यंत पाणी फेकून द्या. त्याचा अंश उरला तर तो पुढचा क्लोरीन खाऊन टाकतो. उन्हाळ्याचा आणखी एक चकवा आहे. ४० अंशांचे पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा पातळ असते, त्याच दाबाला दीडपट वाहते. त्यामुळे तिसरा हिस्सा तुंबलेला पडदाही मे महिन्यात ठणठणीत वाटतो. नोंदवहीत दाब आणि प्रवाहाशेजारी पाण्याचे तापमान लिहिले तरच हे उमगते.

चौथे कारण विजेचे धक्के, ते वर आलेच.

बॅकवॉशच्या पाण्यात अडवलेले सगळे विषाणू असतात. ते विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका. आपल्या बेसाल्टच्या भेगांतून ते पुन्हा विहिरीत उतरू शकते. लांबवर, उतारावर, झाडांना द्या. खाण्याच्या भाजीपाल्याला नको.

क्लोरीनचे गणित सोपे आहे. नितळ पाण्यात २० अंशांना हेपॅटायटिस एचा विषाणू ४ लॉगने निकामी करायला मात्रा गुणिले मिनिटे यांचा गुणाकार ३ पुरतो. ०.५ मिलिग्रॅम अर्धा तास ठेवला तर तो १५ येतो. मात्र पीएच ८ च्या खाली हवा आणि पाणी नितळ हवे, कारण मातीच्या कणात दडलेल्या विषाणूपर्यंत क्लोरीन पोचत नाही. पडदा हे कण काढतो, क्लोरीन पडद्यातून निसटलेला विषाणू मारतो आणि पुढे नळात शिरलेल्या घाणीलाही थोडाफार आवर घालतो. आपल्याकडे नळ एक दिवसाआड सुटतात, रिकाम्या पाइपात गळतीच्या जागी नालीचे पाणी ओढले जाते, तिथे टाकीजवळचा पडदा काही करू शकत नाही. २०,००० लिटरच्या टाकीला १ मिलिग्रॅम मात्रेसाठी २५ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल ८० ग्रॅम लागते. पोते उघडे राहून ताकद १५ टक्क्यांवर आली तर १३३ ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच टाकीत ओता. आणि फक्त ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टच्या पिवळ्या झाकेवर थांबू नका, गावाच्या शेवटच्या नळावर डीपीडी चाचणीने मुक्त क्लोरीन मोजा.

खारपाणपट्ट्यातल्या आणि फ्लोराइडच्या गावांसाठी स्वतंत्र सांगणे: यूएफने क्षार, फ्लोराइड, नायट्रेट काहीच जात नाही. तिथे आरओ लागेल, यूएफ त्याच्या आधी बसेल. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तो आधी कार्बनने काढतात. परिणामी पाण्याच्या एटीएममधून कॅनमध्ये पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन शून्य असतो, आणि कॅन उघडा राहिला की सगळे मुसळ केरात. आरओनंतर पुन्हा ०.५ चा डोस द्यायची अट घाला. ‘टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कमी आला म्हणजे विषाणू गेले’ हेही मानू नका. टीडीएस मीटर जास्तीत जास्त दोन लॉगची ग्वाही देतो, एखादी रबरी रिंग सरकली तर तीही नाही.

तेव्हा निविदेत आणि करारात पुढील मजकूर घालावा ही विनंती: नव्या स्वच्छ पूर्ण मॉड्यूलवर कमाल प्रवाहाला एमएस-२साठी किमान ४ लॉगचा, पुरवठादाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल, रोजच्या हवा-चाचणीची सोय आणि तिची लेखी मर्यादा, प्रवाह चौरस मीटरला तासाला ५० लिटरपेक्षा जास्त नाही, गाळलेल्या पाण्याच्या बंद टाकीत अर्धा तास क्लोरीन-संपर्क, पाच वर्षांचा देखभाल करार, त्यात पडदा बदलण्याचा दर आजच नक्की केलेला, गावातल्या दोन व्यक्तींचे प्रशिक्षण, त्यातली एक महिला, आणि शेवटच्या बिलातला काही हिस्सा पहिला पावसाळा पार पडून एमएस-२ची चाचणी पुन्हा पास होईपर्यंत राखून ठेवण्याची अट. ज्या गावांत यंत्रे आधीच बसली आहेत तिथे यंदा मृगाच्या आधी हवेची चाचणी करून घ्यावी. तिची सोयच नसेल तर पुरवठादाराकडून दोन झडपा, एक गेज आणि कॉम्प्रेसरची जोडणी करून मागावी. बहुतेक मॉड्यूलना ती नंतरही बसवता येते.

कळावे,
पाणी शुद्धीकरण आणि मेम्ब्रेन तंत्राच्या क्षेत्रात काम करणारे आम्ही काही अभियंते व रसायनतज्ज्ञ